मदत हवी आहे: स्कॅन केलेल्या वहीची १४० पानं उघडतात, पुढचं एकही उघडत नाही

नमस्कार मंडळी,

गेले चार दिवस झोप उडाली आहे, म्हणून इथे लिहितेय. जमेल तेवढं सविस्तर सांगते, म्हणजे तुम्हाला परत परत विचारावं लागणार नाही.

आमचे आजोबा राजापूरकडच्या गावात भजनाला पेटी वाजवायचे. त्यांची एक वही आहे. गौळणी, भारुडं, पाळणे आणि बरीचशी पदं त्यांची स्वतःची. प्रत्येक पदाच्या वर कोपऱ्यात पट्टी लिहिलेली, काळी दोन किंवा पांढरी चार. टाकाने, निळ्या शाईत. एकूण १८६ पानं. मे महिन्यात घरी गेले तेव्हा जुना लॅपटॉप आणि स्कॅनर सोबत नेला आणि पाच दिवस बसून सगळी वही स्कॅन केली. ६०० डीपीआय, रंगीत, टिफ फॉरमॅटमध्ये, कॉम्प्रेशन न करता. एकेक फाईल ५३.५ एमबीची. लॅपटॉपवर जागा कमी होती, म्हणून निघताना सगळा फोल्डर कट करून १२८ जीबीच्या नव्या पेनड्राइव्हवर पेस्ट केला. सुरुवातीची दोनतीन पानं उघडून बघितली, छान दिसली. निश्चिंत झाले.

आता पेनड्राइव्ह लावला तर १ ते १४० पानं व्यवस्थित उघडतात. १४१वं उघडतं, पण वरच्या चारपाच ओळी दिसतात आणि त्याखाली सगळं काळं. १४२पासून १८६पर्यंत एकही उघडत नाही, 'हा फॉरमॅट चालत नाही' असा संदेश येतो. फाईलचा आकार मात्र प्रत्येकीचा बरोबर ५३.५ एमबीच दिसतो. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून झालं, दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडून झालं, शेवटी नावापुढचं टिफ काढून जेपीजी करूनही बघितलं. काही फरक नाही.

दुसरी अडचण: मी स्कॅन करत असताना मावसभाऊ त्याच्या आयफोनवर काही पानांचे फोटो काढत होता. ते त्याने मेलने पाठवले. मी सेव्ह करताना प्रत्येकाच्या पुढे जेपीजी लिहिलं. तेही उघडत नाहीत.

'वही आहेच ना, परत स्कॅन करा' असं कुणी सुचवण्याआधी सांगते. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात घराची कौलं सरकली आणि गळतीचं पाणी कपाटात शिरलं. वहीची मागची पन्नासेक पानं एकमेकांना चिकटून लगदा झाली आहेत, शाई वाहून गेली आहे. काकांनी ती पंख्याखाली वाळवली, पण अक्षर राहिलेलं नाही. म्हणजे नेमकी जी पानं उघडत नाहीत, तीच कागदावरूनही गेली आहेत.

काय करू?

प्रतिसाद

पेनड्राइव्हवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीज, टूल्स, तिथे एरर चेकिंग आहे. माझं त्याने काम झालं होतं.

प्रतिसाद

ताई, थांबा. एरर चेकिंग आत्ता चालवू नका. ते डिस्कची सूची नीट करतं, फाईलच्या आतला मजकूर नाही. सूची सारखी करताना ते फायलींचे तुकडे वेगळ्या फोल्डरमध्ये टाकू शकतं, मग कोणता तुकडा कुठला ते कळणं मुश्कील. सध्या त्या पेनड्राइव्हवर काहीही लिहायचं नाही, काही पुसायचं नाही. उघडणारी १४० पानं आधी दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. कट नव्हे, कॉपी.

एक्सटेन्शन, म्हणजे नावापुढचं टिफ किंवा जेपीजी, बदलून फाईल दुरुस्त होत नसते. तो डब्यावरचा कागद आहे. हळदीच्या डब्यावर तिखट लिहिलं म्हणून आत तिखट येत नाही. आत काय आहे ते बघायला हवं. एचएक्सडी नावाचा फुकट प्रोग्रॅम मिळतो, त्यात फाईलमधले बाइट, म्हणजे फाईल ज्या आकड्यांची बनते ते, जसेच्या तसे दिसतात. तीन फायली उघडा, एक चांगलं पान, एक बिघडलेलं आणि भावाचा एक फोटो. प्रत्येकाची पहिली ओळ इथे लिहा. फक्त बघायचं, सेव्ह करायचं नाही.

आणि कुणी नोटपॅडमध्ये उघडायला सांगितलं तर तिथेही सेव्हला हात लावू नका. चित्राची फाईल मजकूर समजून सेव्ह केली की न समजलेल्या प्रत्येक बाइटच्या जागी एकच ठरावीक चिन्ह बसतं. तिथे आधी काय होतं हे मग कुणालाच काढता येत नाही.

धागाकर्ती

१४० पानं दोन ठिकाणी कॉपी केली. बघितलं ते असं:

पान ३७: ४९ ४९ २ए ००, आणि उजवीकडे इंग्रजी आय दोनदा, मग चांदणीचं चिन्ह.

पान १५०: सगळी शून्यं. खाली सरकत गेले, अगदी शेवटपर्यंत नुसती शून्यं.

भावाचा फोटो: सुरुवातीला थोडी शून्यं, मग उजवीकडे एफटीवायपी आणि त्याला लागून एचईआयसी अशी अक्षरं.

१४१ पण उघडून बघितलं. सुरुवात चांगल्या पानासारखी, आणि पुढे एका जागेपासून शून्यं सुरू होतात ती शेवटपर्यंत.

प्रतिसाद

छान बघितलंत. भावाच्या फोटोंचं आधी सांगतो, कारण ते फोटो शाबूत आहेत. आयफोन २०१७ सालापासून, म्हणजे आयओएस ११पासून, फोटो हाइक (एचईआयसी) फॉरमॅटमध्ये ठेवतो. तुम्ही नाव जेपीजी केलंत, आत हाइकच आहे. नावापुढे एचईआयसी लिहा आणि गिंपमध्ये उघडा. गिंप हा चित्रं उघडायचा, सुधारायचा प्रोग्रॅम फुकट आहे आणि त्याला हे फॉरमॅट कळतं. तिथून टिफ किंवा पीएनजी म्हणून एक्सपोर्ट करा. भावाला पुढच्या वेळेसाठी सांगा, सेटिंग्जमध्ये कॅमेरा, तिथे फॉरमॅट्स, त्यात 'मोस्ट कंपॅटिबल' निवडलं की सरळ जेपीईजी मिळतात.

आता पेनड्राइव्ह. चांगली १४० पानं गुणिले ५३.५ एमबी, म्हणजे साधारण ७,५०० एमबी. विंडोजच्या हिशेबात ७.३ जीबी. आठ जीबीचा पेनड्राइव्ह लावल्यावर विंडोज साधारण तेवढीच जागा दाखवतं. तुमच्या पेनड्राइव्हवर १२८ छापलेलं असलं तरी आतली चिप ८ जीबीची असणार, असा माझा दाट संशय आहे.

असे बनावट पेनड्राइव्ह आणि मेमरी कार्डं बाजारात असतात. आतल्या कंट्रोलरला, म्हणजे ड्राइव्ह चालवणाऱ्या चिपला, खोटा आकडा सांगायला शिकवलेलं असतं. कॉम्प्युटर लिहीत जातो, ड्राइव्ह 'हो, लिहिलं' म्हणत जातो, आणि खरी जागा संपली की पुढचं कुठेच लिहिलं जात नाही. नावं आणि आकार दिसतात, कारण सूची सुरुवातीलाच लिहिलेली असते. १४१वं पान मध्येच काळं पडलं, तिथे चिप संपली. बिनकॉम्प्रेशनच्या टिफमध्ये शून्य म्हणजे काळा रंग.

खात्री करायची असेल तर एच२टेस्टडब्ल्यू हा प्रोग्रॅम आहे. तो रिकामी जागा भरतो आणि परत वाचून ताडून बघतो. पण तो ड्राइव्हवर लिहितो, म्हणून सगळ्यात शेवटी.

ताई, कटू आहे पण सांगायला हवं. १४२पासून पुढचं त्या पेनड्राइव्हवर कधी लिहिलंच गेलं नाही. पैसे घेऊन फाईल दुरुस्त करून देतो म्हणणाऱ्या कुणालाही देऊ नका, दुरुस्त करायला आत काही नाही. पण तुम्ही कट-पेस्ट केलं होतंत. एका डिस्कवरून दुसरीवर कट केलं की विंडोज आधी कॉपी करतं आणि मग मूळ पुसतं. पुसतं म्हणजे सूचीतून नाव काढतं. लॅपटॉप कोणत्या सालचा? आतली डिस्क फिरणारी की एसएसडी, म्हणजे न फिरणारी, चिपवाली? मे महिन्यानंतर किती वापरलात?

धागाकर्ती

हे वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. तो पेनड्राइव्ह मी प्रदर्शनातल्या एका स्टॉलवर स्वस्तात मिळाला म्हणून घेतला होता.

लॅपटॉप २०१४चा आहे. चालू केला की घरघर आवाज येतो, म्हणजे फिरणारीच डिस्क असावी, ५०० जीबी. मेनंतर दोनदाच उघडला, एकदा विजेचं बिल भरायला आणि एकदा मुलाने प्रोजेक्टची प्रिंट काढायला.

प्रतिसाद

मग आशा आहे. एसएसडी असती तर ट्रिम नावाच्या सोयीमुळे पुसलेली जागा बहुतेक वेळा लगेच रिकामी केली जाते. फिरणाऱ्या डिस्कवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत जुनं तसंच राहतं.

लॅपटॉप आत्तापासून चालू करायचा नाही. विंडोज नुसतं सुरू झालं तरी डिस्कवर काहीबाही लिहितं. दुरुस्तीवाल्याकडून डिस्क बाहेर काढून यूएसबी केसिंगमध्ये घालून घ्या. एक टीबीची दुसरी डिस्क आणा, बिल देणाऱ्या दुकानातून. तिसऱ्या कॉम्प्युटरला दोन्ही जोडा. टेस्टडिस्क नावाच्या प्रोग्रॅममध्ये आधी अख्ख्या डिस्कची प्रतिमा, म्हणजे एका फाईलमधली हुबेहूब प्रत, बनवा आणि पुढचं सगळं त्या प्रतिमेवर करा. मग फोटोरेक, तो पुसलेल्या फायली शोधतो. दोन्ही एकाच पॅकेजमध्ये येतात, फुकट आहेत. फोटोरेकमध्ये फाईलच्या प्रकारांत फक्त टिफ ठेवा आणि फक्त मोकळी जागा तपासायला सांगा. तो नावं बघत नाही. फाईलची सुरुवात कशी असते ती खूण शोधतो, म्हणजे तुम्ही बघितलेलं तेच ४९ ४९ २ए ००. त्यामुळे जुनी नावं येणार नाहीत. एफ आणि पुढे आकडा असं नाव मिळेल. तो आकडा म्हणजे डिस्कवरच्या सेक्टरचा (छोट्या कप्प्याचा) क्रमांक, त्यामुळे क्रम बराचसा स्कॅन केल्याच्या क्रमानेच लागेल.

धागाकर्ती

आठ दिवसांनी लिहितेय. भाच्याने दोन रविवार दिले.

हव्या असलेल्या ४६ पानांपैकी ३७ पूर्ण मिळाली! ५ पानांचा वरचा भाग नीट आणि खाली रंगीबेरंगी कचरा. ४ मिळालीच नाहीत. भावाचे फोटो सांगितल्याप्रमाणे उघडले, आणि या राहिलेल्या ९ पैकी ७ पानांचे फोटो त्याच्याकडे निघाले. स्कॅनइतके स्वच्छ नाहीत, त्याच्या अंगठ्याची सावली आहे, पण अक्षर न् अक्षर वाचता येतं.

उरली १६३ आणि १६४, एकाच कागदाच्या दोन बाजू. त्यावर माझ्या आईच्या बारशाला आजोबांनी रचलेला पाळणा आहे. आई आता ७९ वर्षांची आहे. तिला पहिली दोन कडवी येतात, पुढची आठवत नाहीत. १६३चा वरचा दोन तृतीयांश भाग मिळाला आहे, १६४ अजिबात नाही. आता काही करता येईल का? वेळ कितीही लागू दे.

प्रतिसाद

करता येईल, पण डोळ्यांनी शोधावं लागेल. तुमचं टिफ बिनकॉम्प्रेशनचं आहे हे नशीब. जेपीईजीचा मधला तुकडा एकटा सापडला तर तो वाचता येणं फार अवघड. तुमच्या फाईलमध्ये मात्र पानाचे रंग ओळीने सरळ लिहिलेले आहेत, त्यामुळे सुट्या तुकड्याचंही चित्र दिसतं.

१६३च्या नावातला सेक्टर क्रमांक घ्या. डिस्कच्या प्रतिमेतून तिथून पुढचे २०० एमबीचे तुकडे कापून वेगळ्या फायली करा. गिंपमध्ये ते 'रॉ इमेज डेटा' म्हणून उघडा, प्रकार आरजीबी (लाल, हिरवा, निळा असे ओळीने तीन आकडे), रुंदी तुमच्या पानाची पिक्सेलमधली नेमकी रुंदी. चांगल्या पानाच्या प्रॉपर्टीजमध्ये ती दिसेल. रुंदी एकाने जरी चुकली तरी ओळी तिरप्या होतात. बरोबर असली की हस्ताक्षर उभं राहतं, फार तर पान आडवं सरकलेलं दिसेल. सुरुवातीचे किती बाइट सोडायचे तो आकडा वाढवत कमी करत ते जागेवर आणा.

धागाकर्ती

रुंदी ३९०० पिक्सेल. तीन रात्री बसले. बहुतेक तुकड्यांत नुसती मुंग्यांसारखी रंगीत धूळ दिसते. काल पावणेबाराला अकराव्या तुकड्यात एक जांभळट पट्टा आला आणि त्यावर गडद रेघा. आधी वाटलं दुसरंच काही असेल. आकडा एकने वाढवला तर पट्टा हिरवट निळा झाला. आणखी एकने वाढवला आणि कागद पिवळा, शाई निळी. पान मधोमध कापून उजवी बाजू डावीकडे आल्यासारखं होतं, पण आजोबांचा 'ळ' मी कुठेही ओळखीन, खालची गाठ ते सोडून द्यायचे.

१६३चा खालचा भाग आहे तो. तिसरं कडवं पूर्ण, चौथ्याच्या दोन ओळी. सकाळी आईला फोनवर वाचून दाखवलं. तिने मला मध्येच थांबवलं आणि चौथ्याची तिसरी ओळ स्वतःच म्हटली.

ती ओळ लिहून घेतली आहे. १६४च्या शोधात अजून ३२ तुकडे बघायचे आहेत, आज रात्री बारावा उघडते.