ह्यूस्टनमधील वस्त्यांचे बदलते स्वरूप आणि रहिवाशांची मते: अभ्यासासाठी मदत हवी आहे

अमेरिकेतील ह्यूस्टन शहराच्या वाढीसोबत तेथील वस्त्यांची वांशिक रचना कशी बदलत गेली, यावर मी एक दीर्घ लेख लिहीत आहे. त्यात एका ठिकाणी माझी गाडी अडली आहे. १९८० च्या दशकात तेलाचा धंदा कोसळल्यानंतर या शहराची वाढ प्रामुख्याने लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे), आशियाई व कृष्णवर्णीय लोकांमुळे होत राहिली. राइस विद्यापीठाने १९८२ पासून दरवर्षी सर्वेक्षण करून रहिवाशांची मते नोंदवली आहेत. वंशावर आधारित घरविक्रीचे निर्बंध न्यायालयांनी अमलात आणू नयेत, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९४८ मध्ये दिला आणि १९६८ च्या कायद्याने घरांच्या व्यवहारातील भेदभावच बेकायदा ठरवला. तरीही अनेक वस्त्या वेगवेगळ्याच राहिल्या.

अर्थशास्त्रज्ञ थॉमस शेलिंग यांनी १९७१ मध्ये दाखवले होते की, शेजारी थोडे तरी आपल्यासारखे असावेत एवढी सौम्य अपेक्षासुद्धा संपूर्ण शहर विभागायला पुरेशी ठरते. मला हे फार महत्त्वाचे वाटते, कारण त्यात कोणाच्याही मनात द्वेष असावा लागत नाही. पण प्रत्यक्षात उत्पन्न, शाळांचा दर्जा आणि घरांच्या किमती यांचा प्रभाव वंशाविषयीच्या पसंतीपासून वेगळा कसा काढावा? सर्वेक्षणात विविधतेचे मनापासून स्वागत करणारी व्यक्ती घर घेताना निराळाच निर्णय घेत असेल, तर त्या उत्तराला किती वजन द्यावे? समाजशास्त्र किंवा नगररचनेच्या अभ्यासकांनी योग्य पद्धत व वाचनीय अभ्यास सुचवावेत, ही विनंती.