वेबमेल लॉगिन होत नाही म्हणून एसईलिनक्स (कुठला प्रोग्राम कशाला हात लावू शकतो यावर लिनक्समधला पहारा) बंद करणं बरोबर आहे का?

राजवाडा_इंदूर: सोमवारी सकाळी लाइट गेली, यूपीएसने मान टाकली, सर्व्हर रीबूट झाला आणि ऑफिसात एकाचंही वेबमेल उघडेना. पासवर्ड टाकला की राउंडक्यूब, म्हणजे आमचं वेबमेल, म्हणतं स्टोरेज सर्व्हरशी कनेक्शन झालं नाही, आणि मोबाइलवर त्याच पासवर्डने मेल धडाधड येतायत, म्हणजे डोव्हकॉट, मेलबॉक्स सांभाळणारा प्रोग्राम, ठणठणीत. तरी पाऊण तास मी पासवर्डच बदलत बसलो, अकाउंटवाल्या ताई जीएसटीचे कागद घेऊन डोक्याशी उभ्या. शेवटी ऑडिट लॉग (एसईलिनक्सने काय अडवलं त्याची नोंद) उघडला तर पीएचपी-एफपीएम (वेबमेल चालवणारा प्रोग्राम) डिनाइड, डेस्ट ९९३ म्हणजे मेल वाचायचं आयमॅप पोर्ट, पुढे त्या पोर्टचं लेबल पॉप_पोर्ट_टी. आम्ही पॉप (मेल उतरवायची दुसरी पद्धत) वापरतच नाही म्हणून गोंधळलो, पण आयमॅपच्या पोर्टलाही एसईलिनक्समध्ये तेच लेबल असतं. आधीच्या अॅडमिनने सेटएन्फोर्स ० मारून पहारा तात्पुरता ढिला ठेवलेला, ते रीबूटनंतर टिकत नाही. मला एसईलिनक्स असं बंद करून सोडून देणं साफ चूक वाटतं.

लश्करवाला: चूक कसली भिया? मी ग्वाल्हेरात एकटा ११ सर्व्हर बघतो. मी तर कॉन्फिगमध्येच डिसेबल्ड लिहितो, म्हणजे रीबूटनंतरही त्रास नाही. फायरवॉल आहे, चुकीचे पासवर्ड मारणाऱ्यांना अडवणारं फेलटूबॅन आहे, अजून काय पाहिजे? मेल बंद पडली की शिव्या मला पडतात, एसईलिनक्सला नाही.

मांडवी_बडोदा: दादा, फायरवॉल वेबमेलचं ४४३ पोर्ट उघडंच ठेवतो ना! जून २०२५ मध्ये राउंडक्यूब १.६.११ कशासाठी आलं आठवा. लॉगिन झालेला कुठलाही युजर सर्व्हरवर हवा तो कोड चालवू शकत होता, आणि तो दोष १० वर्षं आत पडून होता. म्हणजे एका कारकुनाचा पासवर्ड फुटला की संपलं. एसईलिनक्स चालू असेल तर तो कोड एचटीटीपीडीच्या (वेब सर्व्हरच्या) कुंपणात तरी राहतो, लोकांच्या होम फोल्डरला हात घालता येत नाही. आणि डिसेबल्ड ठेवलंत की नव्या फाइलींना एसईलिनक्सचं लेबल लागत नाही, पुढे चालू करायचं म्हटलं तर सगळी डिस्क रीलेबल करत बसा.

लश्करवाला: आणि तुमचा उपाय काय, एसईलिनक्सचा एचटीटीपीडी_कॅन_नेटवर्क_कनेक्ट स्विच ऑन करणं ना? त्याने पीएचपीला बाहेरचे सगळेच टीसीपी पोर्ट मोकळे होतात, फक्त ९९३ नाही. मग कुंपण राहिलं कुठं?

मांडवी_बडोदा: हे मान्य, तो स्विच ढोबळच आहे. पण फाइलींवरचा पहारा तसाच राहतो, तुम्ही तर तोही काढला.

राजवाडा_इंदूर: लश्करवाले दादा, एकट्याने ११ सर्व्हर बघणं काय असतं ते कळतं मला, आणि दोष शोधायला दोन मिनिटं सेटएन्फोर्स ० मारायला माझी हरकत नाही, मीही तेच केलं, लॉगिन लगेच झालं तेव्हाच खात्री पटली. पण खात्री पटली की परत १ करायचं. मी सेटएसईबूल कमांडने तो नेटवर्क_कनेक्ट स्विच ऑन केला, कायम राहावा म्हणून मायनस पी लावून, नाहीतर पुढच्या रीबूटला तेच रडगाणं. पोर्टांचा मुद्दा मात्र मनाला लागला. आमचं डोव्हकॉट त्याच मशीनवर आहे, मग पीएचपीला बाहेर जायची गरजच काय? आज रात्री ऑफिस सुटल्यावर फक्त पॉप_पोर्ट_टी आणि मेल पाठवायच्या पोर्टपुरतं एसईलिनक्सचं छोटं मॉड्यूल (स्वतःचा नियम) बनवतो आणि स्विच परत ऑफ करतो. कुणी बनवलं असेल तर सांगा.