इंट्राडर्मल म्हणजे काय? कुत्रं चावल्यावर औषध कमी दिलं का?

अमळनेरकर: राम राम मंडळी. पुतण्याला काल गल्लीतलं कुत्रं चावलं, पोटरीत दात लागले, रक्त आलं. सरकारी दवाखान्यात दोन्ही दंडांवर रेबीजच्या लसीचं बारीकसं एकेक इंजेक्शन दिलं, तेही कातडीतच. कागदावर इंट्राडर्मल ०.१ मिली लिहिलंय. शेजारच्या पोराला खाजगीत एकाच दंडात पूर्ण बाटली दिली होती, म्हणून वहिनी घाबरलीय. जाणकारांनी सांगा.

सिस्टर_भुसावळ: भाऊ, वहिनींना सांगा डोस बरोबर आहे. इंट्राडर्मल म्हणजे कातडीच्या थरातच दिलेलं, स्नायूत दिलं तर इंट्रामस्क्युलर आणि कातडीखालच्या चरबीत दिलं तर सबक्युटेनियस. कातडीत रोगप्रतिकारक पेशी भरपूर असतात म्हणून तिथं थोडीच लस पुरते. सुई जवळपास आडवी धरतात आणि दिल्यावर संत्र्याच्या सालीसारखा फुगीर फोड यायला पाहिजे, नाही आला तर सुई खोल गेली समजून बाजूला परत देतात. जागा चोळू नका, शेकू नका. पहिल्या लसीचा दिवस ० धरून दिवस ०, ३, ७ आणि २८, दर वेळी दोन्ही दंडांवर. स्नायूत देतात तेव्हा १४ वा दिवस पण असतो.

केळीवाला_रावेर: म्हणजे बाळाच्या डाव्या दंडावर बीसीजी देतात तेच ना? आणि बाबांचं इन्सुलिन पोटावर घेतात ते पण हेच का

सिस्टर_भुसावळ: बीसीजी हो, टीबीची मांटू टेस्ट पण कातडीतच. तिची सूज ४८ ते ७२ तासांत मोजतात, नुसती लाली धरत नाहीत. इन्सुलिन मात्र सबक्युटेनियस, आणि बाबांना रोज जागा बदलायला लावा, एकाच जागी टोचून टोचून गाठ होते मग औषध नीट लागत नाही.

अमळनेरकर: खूप आभार ताई. फोड आला होता दोन्हीकडे. जखमेवर घरी हळद लावली होती, चालतं ना?

सिस्टर_भुसावळ: नाही, हळद मिरची चुना काहीच नको. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं धुवायचं असतं, राहिलं असेल तर आत्ता धुवा. आणि रक्त आलंय म्हणताय तर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिनचं (रेबीजविरुद्धच्या तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन दिलं का ते कागदावर बघा, दंडावरची लस काम करायला वेळ घेते तोवर तेच आधार असतं. पहिल्या लसीपासून सातव्या दिवसापर्यंत देता येतं पण तेवढं थांबू नका, दिलं नसेल तर आजच्या आज कागद घेऊन परत जा.