चावी लॉस्ट, मॅच लॉस्ट, मग बस काऊन नाही?

बर्डीवाला:
इंटरव्ह्यूची तयारी करून राहिलो अन् इंग्रजीच्या या लूझ-लॉस्टनं डोकं फिरवलं. काल क्लासमध्ये 'आय लॉस्ट द बस' म्हटलं तर सगळे हसले. चावी हरवली लॉस्ट, मॅच हरली लॉस्ट, वजन उतरलं तरी लॉस्ट, मग बसनंच काय घोडं मारलं?

संत्राबर्फी:
बस तुझी होती का भाऊ? 😄 जवळ होतं अन् गेलं ते लूझ, हाती लागलंच नाही ते मिस. मॅच तेवढी यात बसत नाही, ती वेगळी धर. अन् सुटा शब्द पाठ नको करू, जोडीच कर. लूझ वेट, लूझ इंटरेस्ट, लूझ काउंट म्हणजे मोजता मोजता चुकणं, जुन्या दोस्तांशी बोलणं बंद पडलं तर लूझ टच विथ. सगळ्यात गंमत लूझ युवर टेंपरची, आपल्याला राग येते अन् त्यांचा टेंपर जाते! टेंपर म्हणजे मुळात मनाचा तोल, म्हणून तो जाते.

जामठारिटर्न:
मॅचचं मी सांगतो. समोरच्या टीमला टू, फरकाला बाय. 15 मार्च 2016, आपलं नागपूरचं जामठा स्टेडियम, 127 करायचे होते अन् आपण 79 मध्ये गुंडाळलो, 'इंडिया लॉस्ट टू न्यूझीलंड बाय 47 रन्स'. लॉस्ट फ्रॉम नाही म्हणायचं. विकेटीपण लूझच होतात, 2011 च्या वर्ल्डकपला इथंच साऊथ आफ्रिकेसमोर 1 बाद 267 वरून 296 ला ऑलआउट, म्हणजे लॉस्ट नाइन विकेट्स फॉर ट्वेंटी नाइन रन्स. लिहितानाच टेंपर जाऊन राहिला.

मास्तरीणबाई:
लिहिताना ओ एकच बरं का. दोन ओ टाकले की लूस होतं, म्हणजे ढिल्लं, अर्धा वर्ग तिथंच चुकतो. आणि घरच्यांबद्दल विचारलं तर जपून. वडील वारले असतील तर 'आय लॉस्ट माय फादर'. 'माय फादर इज लॉस्ट' म्हटलंत तर ते रस्ता चुकलेत असं समजून कोणी शोधायला निघेल.

बर्डीवाला:
बाप्पा! मग उशीर झाला तर काय सांगू, 'आय लॉस्ट ट्रॅक ऑफ टाइम' की 'आय मिस्ड द बस'?

संत्राबर्फी:
बसचं सांग. पहिलं म्हणजे वेळेचं भानच राहिलं नाही, ते ऐकून घरी पाठवतील, अन् तुला लॉस्ट द जॉबपण म्हणता येणार नाही, लागलीच कुठं होती.