डोळ्यांतून पाणी येतं आणि डॉक्टर म्हणतात डोळे कोरडे! तुमचे अनुभव सांगा

काल बसमध्ये समोरच्या बाई सारख्या पदराने डोळे टिपत होत्या. शेजारणीने विचारलं, "घरी सगळं बरं आहे ना हो?" तर म्हणाल्या, "अहो, रडत नाहीये, डोळेच वाहतात." मला एकदम आई आठवली.

आई शिवणकाम करायची. दुपारनंतर डोळ्यांत कचरा गेल्यासारखं खुपायचं, सुईत दोरा ओवताना धूसर दिसायचं आणि पापण्या मिचकावल्या की पुन्हा स्वच्छ. वाऱ्यावर गेलं की घळाघळा पाणी. घरात सगळ्यांनी मोतीबिंदू ठरवून टाकला होता. शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून पाच मिनिटं बसवलं. शर्मर टेस्ट म्हणतात. साधारण १० मिमीच्या वर भिजली तर ठीक, ५ च्या आत असेल तर कोरडेपणा बराच. आईची जेमतेम टोकाला ओली झाली. त्यांनी समजावलं, बुबुळावर अश्रूंचा पातळ थर कायम लागतो. तो टिकला नाही की डोळा चुरचुरतो, आणि चुरचुरला की शरीर एकदम भरपूर पाणी सोडतं. ते गालावर ओघळतं, थर काही बनत नाही. तोपर्यंत आईने "सारखी काय रडतेस" हे किती जणांकडून ऐकलं असेल!

तुमच्याकडे कुणाला आहे का हा त्रास? कसं कळलं, कशाने बरं वाटलं?

सायली ठाणे
माझी पट्टी नॉर्मल आली होती, तरी डोळे कोरडेच. पापणीच्या कडेला तेलाच्या ग्रंथी असतात, त्या तुंबल्या होत्या. वरचं तेल नसलं की खालचं पाणी उडून जातं. डोळ्यात पिवळा रंग टाकून निळ्या उजेडात बघतात, थर किती वेळ टिकतो ते. १० सेकंदांच्या आत फुटला तर गडबड. त्यामुळे पट्टी चांगली आली म्हणून थांबू नका. मला गरम शेकाने खूप फरक पडला. सुती कपडा सोसेल इतक्या गरम पाण्यात बुडवून पिळायचा, मिटलेल्या डोळ्यांवर ठेवायचा, गार झाला की परत. मग पापणीला कडेच्या दिशेने हलका मसाज. रोज करावं लागतं. कुकर झाला, आले.

वैदर्भीय
कूलरच्या समोर तोंड करून झोपू नका भाऊ. नागपूरच्या मे महिन्यात सकाळी पापण्या उघडत नव्हत्या माझ्या. कूलरची दिशा बदलली, बरंच कमी झालं.

चिऊताई
@वैदर्भीय वाळ्याच्या ताट्या मिळतात का हो अजून तिकडे? आमच्याकडे सगळीकडे ते पिवळं गवतच दिसतं.

वैदर्भीय
मिळतात ताई, महाग झाल्यात पण. वास मात्र तोच!

केदार
आयटी. स्क्रीन. अजून काय लिहू. एरवी मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लवते, स्क्रीनसमोर निम्म्याहूनही कमी. मॉनिटर नजरेच्या थोडा खाली घेतला, म्हणजे डोळा कमी उघडा राहतो. एसीचा झोत तोंडावर येत होता म्हणून जागाही बदलून घेतली.

मुग्धा
धागा बघून लिहायलाच हवं असं वाटलं. डोळे कोरडे होतेच, पण माझं तोंडही कोरडं पडायचं. भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नव्हता. दात एकामागून एक किडत होते, बोटांचे सांधे सकाळी आखडलेले. डोळ्यांसाठी एक डॉक्टर, दातांसाठी दुसरे, सांध्यांसाठी तेल चोळणं. कुणी तिन्ही गोष्टी एकत्र बघितल्याच नाहीत. मग नवीन नेत्रतज्ज्ञांनी सहज विचारलं, "तोंड कोरडं पडतं का?" आणि संधिवाततज्ज्ञांकडे पाठवलं. रक्ततपासणीत अँटी-रो (स्वतःच्याच शरीराविरुद्ध तयार होणारी प्रतिपिंडं) पॉझिटिव्ह. शोग्रेन सिंड्रोम. शरीराची प्रतिकारशक्तीच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उलटते. बायकांमध्ये, त्यातही चाळिशी-पन्नाशीत जास्त दिसतो. सायक्लोस्पोरिनचे थेंब दिले, सुरुवातीला चांगले झोंबतात आणि गुण यायला काही महिने लागतात, म्हणून मध्येच सोडू नका. बायांनो, डोळे आणि तोंड दोन्ही कोरडे असतील तर डॉक्टरांना दोन्ही सांगा, ते विचारोत न विचारोत.

सायली ठाणे
मुग्धा, केवढं सोसलंस गं. आता कशी आहेस?

मुग्धा
बरी आहे गं. भाकरी अजून आमटीत कुस्करूनच.

रानजाई
माझी आजी डोळ्यांत मध घालायची. कुणी करून बघितलंय? गुलाबपाणी?

डोंबिवलीकर
@रानजाई नका घालू काहीच घरचं. निर्जंतुक नसतं ते. आणि केमिस्टकडून "लाली घालवणारे" थेंबही नकोत. लाली तात्पुरती जाते, थांबवले की परत येते. आमच्या शेजारच्या काकांना दुकानातून स्टेरॉइडचे थेंब मिळत गेले, डोळ्याचा दाब वाढला, आता काचबिंदूचं औषध कायमचं. एकच विनंती, चिठ्ठीशिवाय स्टेरॉइड घेऊ नका.

अंगणवाडीताई
मोठ्यांचं चाललंय, पण लहान मुलांचंही सांगते. अ जीवनसत्त्व कमी पडलं की त्यांचेही डोळे कोरडे होतात. आधी तिन्हीसांजेला पोर धडपडायला लागतं, म्हणजे रातांधळेपणा. मग डोळ्याच्या पांढऱ्या भागावर फेसाळ डाग दिसतो. पुढे बुबुळ खराब होऊन दृष्टीही जाते. नऊ महिन्यांना पहिला डोस, दुसरा सोळा ते अठरा महिन्यांना, मग दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत एकूण ९. फुकट असतो. चुकवू नका. शेवग्याचा पाला, पपई, गाजर खायला घाला.

चिऊताई
ताई, शेवग्याच्या पाल्याची भाजी मुलं खात नाहीत हो, काय करू?

अंगणवाडीताई
थालीपिठात चिरून घाल. पत्ता लागत नाही.

मीरा कॅलगरी
इथे हिवाळ्यात हीटरने हवा इतकी सुकते की ओठ, डोळे, हात सगळंच. खोलीत ह्युमिडिफायर लावते. मला ॲलर्जीची गोळी चालू होती, डॉक्टर म्हणाले तिनेही डोळे कोरडे पडतात. तुमच्या सगळ्या गोळ्यांची यादी दाखवा त्यांना. मुरमांवरची आयसोट्रेटिनोइनची गोळीसुद्धा त्यातच.

केदार
अरे हो, माझ्या भाच्याला तीच चालू आहे. आत्ता फोन करतो.

डोंबिवलीकर
अजून एक. दिवसातून पुष्कळदा थेंब घालावे लागत असतील तर प्रिझर्वेटिव्ह नसलेले मिळतात का विचारा, नाहीतर औषधातल्या रसायनानेच डोळा चुरचुरतो. आणि साधी बाटली उघडली की त्यावर पेनाने तारीख लिहा. बहुतेक महिन्याभरात टाकून द्यायच्या असतात.