विषय: लायसन्स मालकाला की भाडेकरूला?

प्रेषक: हॅरोकर
शनिवार, ७ फेब्रुवारी २०२६, रात्री ११:४०

मंडळी, नमस्कार.

हे मेल पाठवू की नको असं दोन दिवस चाललं होतं. शेवटी हीच म्हणाली, इथे इंग्लंडमध्ये आपल्या मराठी मंडळातल्या कितीतरी जणांची दुसरी घरं भाड्याने आहेत, लाजायचं कशाला.

आमचं जुनं घर (दुसऱ्या काउन्सिलच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, हद्दीत, नाव लिहीत नाही) गेल्या वर्षी पाच मुलांना दिलं. सगळी आपलीच, दोघे नाशिकचे, एक साताऱ्याचा, दोघे पुण्याचे. पाचांचा मिळून एकच करार, महिना २,४०० पौंड. डिपॉझिट स्कीममध्ये भरलंय, गॅसचं सर्टिफिकेट दरवर्षी घेतो, वायरिंगची तपासणी झालेली आहे. आता काउन्सिलचं पत्र आलं की हे घर 'एचएमओ' (वेगवेगळ्या कुटुंबांतली माणसं एकत्र राहतात असं घर) आहे आणि तुमच्याकडे लायसन्स नाही.

पुण्यातला आमचा फ्लॅट 'लिव्ह अँड लायसन्स'वर आहे. तिथे लायसन्स मी भाडेकरूला देतो. इथे माझ्याच घरासाठी मी काउन्सिलकडे लायसन्स मागायचं?

लागलं ते वेगळंच. पत्र आलं ते त्यातल्या एकाने तक्रार केली म्हणून. मागच्या खोलीत बुरशी येते म्हणे. मी त्याला खिडकी उघडी ठेव म्हणून सांगितलं होतं, आर्द्रता शोषणारं यंत्रही आणून दिलं. होळीला त्याच्यासाठी पुरणपोळीचा डबा पाठवला होता हो आम्ही. त्याला सरळ नोटीस द्यावी असं मनात आहे. द्यावी का?

हॅरोकर


प्रेषक: रेडिंगकर
रविवार, ८ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

हॅरोकर, आधी नोटीस खिशात ठेवा.

मी एका काउन्सिलच्या पर्यावरण आरोग्य विभागात बरीच वर्षं काढली, म्हणून जरा लांब लिहितो. तुमचा कायदा म्हणजे २००४ चा हाउसिंग ॲक्ट. पाच किंवा जास्त माणसं, ती दोन किंवा अधिक कुटुंबांतली, आणि स्वयंपाकघर-न्हाणीघर सामायिक, की लायसन्स सक्तीचं. पूर्वी घर तीन मजली असेल तरच हा नियम लागायचा. १ ऑक्टोबर २०१८ पासून मजल्यांची अट गेली आणि आपल्यासारख्यांची साधी दुमजली घरं त्यात आली. करार एक आहे की पाच, याने काही फरक पडत नाही.

'कुटुंब' कशाला म्हणायचं, हेही त्यात लिहिलेलं आहे: आईवडील, आजीआजोबा, मुलं, नातवंडं, भावंडं, काका-मामा, भाचे-पुतणे, चुलत-मावस-आते-मामे भाऊ, सगळे. कायदा लिहिणाऱ्याने आपलं लग्नघर पाहिलं असावं. पण 'आमच्या गावचा' हे नातं त्यात नाही. तुमच्या नाशिकच्या दोघांची आडनावं सारखी असली तरी ते चुलत भाऊ नसतील, तर कुटुंबं पाच.

आता खोल्या. मोठ्या माणसाला एकट्याला झोपायची खोली किमान ६.५१ चौरस मीटर लागते, दोघांना १०.२२. आपल्या मापात सांगायचं तर एकट्याला सत्तर चौरस फूट, म्हणजे सात बाय दहा. छत दीड मीटरपेक्षा खाली येतं तेवढी जागा धरायची नाही. दारावरच्या कोपऱ्यातली ती छोटी खोली मोजून बघा. बहुतेक घरं तिथेच नापास होतात.

लायसन्सशिवाय घर चालवणं हा गुन्हा आहे. खटला होऊ शकतो, किंवा काउन्सिल स्वतःच ३०,००० पौंडांपर्यंत दंड लावू शकतं. त्याशिवाय भाडेकरू मालमत्ता न्यायाधिकरणात जाऊन बारा महिन्यांपर्यंतचं भाडं परत मागू शकतात. तुमच्या बाबतीत वरची मर्यादा २८,८०० पौंड. न्यायाधिकरण मालकाचं वागणं बघून रक्कम ठरवतं, म्हणून म्हणतो, आत्ताचं वागणं जपा. रीतसर अर्ज दाखल झाला की त्या दिवसापासून गुन्हा पुढे चालू राहत नाही. मागचे महिने मात्र पुसले जात नाहीत. अर्ज उद्याच टाका.

नोटीशीचं म्हणाल तर, विनालायसन्स एचएमओमध्ये कलम २१ ची, म्हणजे कारण न देता घर खाली करायला सांगणारी, नोटीस चालतच नाही. अर्ज टाकल्यावर द्याल, तेवढ्यात काउन्सिलने दुरुस्तीची नोटीस काढली तर पुढचे सहा महिने तुमचा रस्ता बंद. आणि १ मे २०२६ ला कलम २१ मुळातच जातंय. तारीख विसरणार नाही, महाराष्ट्र दिन. त्याच दिवसापासून दंडाची मर्यादा ४०,००० आणि भाडेपरतीची दोन वर्षं.

रेडिंगकर


प्रेषक: स्लाउकर
रविवार, ८ फेब्रुवारी, दुपारी १:०२

रेडिंगकरांनी घाबरवलं बुवा. सोपा उपाय: एकाला काढा, चार ठेवा. नियम पाचाचा आहे ना?

बाकी आजकालच्या मुलांना केलेल्याची जाण नाही, हे खरंच.


प्रेषक: रेडिंगकर
रविवार, ८ फेब्रुवारी, दुपारी १:३०

स्लाउकर, चार जण असले तरी घर एचएमओच राहतं. देशभर सक्तीचं लायसन्स पाचाला, पण कितीतरी काउन्सिलांनी तीन-चार जणांच्या घरांनाही लायसन्सची जादा योजना लावली आहे. काही ठिकाणी तर एकाच कुटुंबाला दिलेल्या घरालाही लायसन्स लागतं. लंडनच्या न्यूहॅम काउन्सिलने २०१३ मध्ये आपल्या जवळपास सगळ्या हद्दीत तशी योजना लावली होती. एका रस्त्याच्या अलीकडे एक नियम, पलीकडे दुसरा. काउन्सिलच्या साइटवर पिनकोड टाकून बघणं हाच उपाय.

(तुम्ही स्वतः राहता त्या घरात दोनपर्यंत भाडोत्री ठेवलेत तर ते एचएमओ होत नाही. तिसरा ठेवलात की आमच्याकडे आलात.)


प्रेषक: ल्युटनकर
रविवार, ८ फेब्रुवारी, रात्री १०:२०

काका, मी तुमचा भाडेकरू नाही, पण त्याच्या जागी राहिलोय.

आलो तेव्हा एका ओळखीच्या घरी सहा जण होतो. करार तोंडी, भाडं रोख. 'तुम्ही आम्हाला मुलासारखेच' असं पहिल्याच दिवशी ऐकलं, आणि एकदा काका म्हटलं की पावती मागायची लाज वाटते. जानेवारीत बॉयलर बंद पडला, नऊ दिवस आम्ही किटलीत पाणी तापवून आंघोळ केली. रोज मेसेज करायचो तो 'काका, तुम्हाला त्रास देतोय, सॉरी' असा. शेवटी एकाने काउन्सिलला फोन केला तर आम्हीच बाकीचे त्याच्यावर चिडलो. अधिकारी आला, आणि दोन दिवसांत बॉयलर सुरू झाला. भाडं परत मागता येतं हे तेव्हा माहीतच नव्हतं. माहीत असतं तरी मागितलं असतं का, कोण जाणे.

त्या मुलाने तुम्हाला पहिला मेसेज कधी केला होता, तेवढं एकदा बघाल का?


प्रेषक: रेडिंगकर
सोमवार, ९ फेब्रुवारी, सकाळी ६:५०

ल्युटनकरांनी माझं काम केलं.

बुरशीबद्दल एवढंच. घराच्या तपासणीत २९ प्रकारचे धोके बघतात, यादीत पहिलाच ओल आणि बुरशीचा. धोका वरच्या वर्गात गेला तर कारवाई करणं काउन्सिलला बंधनकारक आहे. रॉचडेलमध्ये डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक नावाचं दोन वर्षांचं मूल घरातल्या बुरशीमुळे गेलं. वडिलांनी वारंवार तक्रार केली होती. त्याच्या नावाचा कायदा सामाजिक घरांना (काउन्सिल आणि गृहसंस्था भाड्याने देतात त्या) ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला, खाजगी घरांकडेही तो येणार आहे. 'खिडकी उघडा' हे उत्तर तेव्हापासून कोणत्याही तपासनिसाला ऐकवू नका. ओल नळाची, छताची, की वाफ बाहेर जात नाही म्हणून, ते आधी शोधा.


प्रेषक: हॅरोकर
रविवार, १५ फेब्रुवारी, रात्री ९:०५

मंडळी,

अर्ज मंगळवारी टाकला. काल टेप घेऊन गेलो. छोटी खोली सात बाय आठ, म्हणजे छप्पन्न चौरस फूट. तीत कुणाला झोपवता येणार नाही. साताऱ्याचा मुलगा तिथे होता, तो म्हणाला, मी तसाही मित्राकडे जाणार होतो. बाकीच्या चौघांचं भाडं त्या हिशोबाने कमी केलंय. त्या काउन्सिलमध्ये चौघांनाही लायसन्स लागतं, म्हणजे अर्ज वाया गेला नाही.

मेसेज बघितले. पहिला १९ ऑक्टोबरचा. एकूण अकरा. मी चारांना उत्तर दिलं होतं, त्यात दोनदा नुसता अंगठा.

बुरशीचं कारण सापडलं. न्हाणीघरातल्या पंख्याचा पाइप बाहेर न नेता माळ्यावरच सोडलेला. सगळी वाफ वर, आणि खाली मागच्या खोलीच्या भिंतीत ओल. २०११ मध्ये मीच एका माणसाकडून स्वस्तात करून घेतलं होतं. आता पाइप छतातून काढलाय, भिंत वाळली की रंग.

तो मुलगा न्यायाधिकरणात जाईल का, विचारलं नाही. रेडिंगकर म्हणतात तो त्याचा हक्क आहे. मला अजून पुरतं पटलेलं नाही, पण नोटीस काढलेली नाही.

जाता जाता, मागच्या खोलीतलं कपड्यांचं कपाट कुणाला हवंय का? दोन दारांचं, पाठ पुसून घेतलीय. येऊन न्यावं लागेल.

हॅरोकर