जी. डब्ल्यू. डब्ल्यू. ही सही नव्हे, छाप
'जुन्या फोटोच्या कोपऱ्यात जी. डब्ल्यू. डब्ल्यू. असेल तर तो एकोणिसाव्या शतकातल्या स्कॉटिश छायाचित्रकार जॉर्ज वॉशिंग्टन विल्सनने स्वतःच काढलेला' असं कुणीतरी म्हटलंय, ते काही पटत नाही. ॲबर्डीनच्या त्याच्या कंपनीत पगारी छायाचित्रकार होते. त्यांनी टिपलेल्या कॅथेड्रलांवर, सरोवरांवरही हीच अक्षरं पडायची. इंग्लंडमधल्या रायगेटच्या फ्रान्सिस फ्रिथ या छायाचित्रकाराच्या कंपनीतही पगारी माणसं होतीच.

शेजारचा आकडा मात्र नीट बघा, तो काचेच्या निगेटिव्हचा क्रमांक. माझ्याकडच्या प्रिंटवर भिंग धरलं तर अक्षरं पांढरी दिसतात, म्हणजे कोऱ्या कागदाचीच. काचेवर ती गडद असायची, त्यामुळे उन्हात छापताना तेवढ्या जागी प्रकाश पोचायचाच नाही. एवढ्याशा जागेत इतकं रेखीव लिहिणाऱ्या त्या कारागिराचं नाव प्रिंटवर कुठेच नाही, याची मला फार हळहळ वाटते.